सर्व संतांच्या सणाला केलेलं वाटप चुकलं. आता काय करावं?

पाखाडीतला:

नमस्कार. पश्चिम उपनगरातल्या एका गावठाणात राहतो. पॅरिशचं नाव लिहीत नाही. चूक आमची आहे, ती निस्तरायचीही आम्हालाच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत, म्हणजे एसव्हीपीत आलो. बैठकीला बसणारे बहुतेक साठीपुढचे. मी चौतीसचा, हिशेब आणि मोबाईल जमतो, म्हणून यंदा सेक्रेटरी केलं. आमच्याकडे मदतीसाठी एकवीस घरं आहेत. विधवा बायका, डायलिसिसवर असलेले दोघं, बाप निघून गेलेली मुलं. दोघादोघांनी दर पंधरवड्याला घरी जायचं, रेशन, फी, औषधं बघायची, ही आधीपासूनची पद्धत.

यंदा १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, काहीतरी मोठं करू असं मीच सुचवलं. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं संतांच्या वेशात येणार होती. एक चिमुरडी संत एलिझाबेथ झाली होती, ओच्यात कागदाचे गुलाब घेऊन. एक मुलगा कार्लो आकुतिस, जीन्स आणि पाठीवर सॅक. दुसरा पिएर जॉर्जो फ्रसाती, हातात डोंगर चढायची काठी. हे दोघं ७ सप्टेंबर २०२५ ला रोममध्ये संत जाहीर झाले, त्यामुळे मुलांमध्ये त्यांचंच नाव. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर हॉलच्या स्टेजवर हे सगळे छोटे संत ओळीनं उभे राहिले आणि त्यांच्या हातून एकवीस घरांना रेशनच्या पिशव्या दिल्या. संतांची आठवण आणि सेवा एकाच जागी येईल असं मला मनापासून वाटलं होतं. वार्षिक अहवालासाठी फोटो काढायलाही मीच सांगितलं.

त्यातला एक फोटो फारच सुंदर आला. चिमुरडी एलिझाबेथ पिशवी पुढे करतेय आणि समोरची बाई दोन्ही हात पुढे करून वाकलीय. कुणीतरी तो झोनच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेला. त्या बाईंचा मुलगा आठवीत आहे. सोमवारी वर्गात त्याला तो फोटो दाखवला गेला.

९ तारखेला, रविवारी, पहिल्या मिस्सेनंतर त्या पिशवी घेऊन आल्या. आम्ही दिली होती तशीच. वर संतांचं चित्र असलेलं स्टिकर. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, मीठ, चहा, दोन साबण. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी बाकावर ठेवली आणि निघून गेल्या. मी घरी आणून एकेक वस्तू काढून पाहिली. मीठ आम्ही दिलेल्या कंपनीचं नव्हतं. म्हणजे मीठ त्यांनी वापरलं होतं आणि परत देताना नवीन पुडी विकत आणून ठेवली होती.

त्या दिवसापासून मला ती पुडी दिसते.

फोटो काढून टाकायला सगळ्यांना सांगितलंय. पण मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे या बाईंकडे आता कसं जावं, की जाऊच नये? आणि दुसरं, तुमच्या पॅरिशमध्ये संतांचे सण आणि गरजूंची सेवा यांची सांगड कशी घालतात? सणाचा आणि सेवेचा संबंधच तोडावा असं आमच्यातले दोघं म्हणताहेत. मला ते पटत नाही, पण माझ्या पटण्यावर आता माझाच विश्वास राहिलेला नाही.

खाडीपलीकडची:

बाळा, मी तुझ्या आईच्या वयाची असेन, सदुसष्ट पूर्ण. एसव्हीपीत अठ्ठावीस वर्षं काढली. आता गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून फोनवरून जमेल ते करते. तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं.

आधी त्या बाईंचं. जा. पण पिशवी नेऊ नकोस, पाकीट नेऊ नकोस, फादरांना नेऊ नकोस. एसव्हीपीची माणसंही नकोत. घरातली बाईमाणूस कुणीतरी बरोबर ने. दारातच सांग की फोटो मी काढायला लावला, माझं चुकलं. "आम्हाला वाईट वाटलं" असं म्हणू नकोस. तुला काय वाटलं ते ऐकायला त्या बसलेल्या नाहीत. आणि मुलगा घरात असेल तर त्याच्यासमोर सांग, कारण अपमान त्याचा झालाय. मग त्या बोलतील तेवढं ऐक आणि ये.

आता सण आणि सेवा. तोडू नकोस रे. पण आपण ज्या संताच्या नावाने बसतो त्याचीच गोष्ट एकदा नीट आठव. १६१७ साल, फ्रान्समधलं शातियों नावाचं गाव. फादर व्हिन्सेंट मिस्सेच्या तयारीत होते, तेवढ्यात कुणी येऊन सांगितलं की गावाबाहेरच्या एका घरात सगळे आजारी पडलेत, पाणी द्यायलाही कुणी उभं नाही. त्यांनी ते प्रवचनात सांगितलं. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तर रस्ताभर बायका भेटल्या. कुणी देऊन परत येतेय, कुणी घेऊन जातेय. त्या घरी एवढं अन्न जमलं की आज खाऊन उरेल, उद्या नासेल आणि परवा पुन्हा उपास. माणसांत दया भरपूर आहे पण तिला शिस्त नाही, हे त्यांनी तिथे ओळखलं. त्याच वर्षी गावातल्या बायकांचा गट बांधला आणि पाळी लावून दिली. आज कुणी रांधायचं, उद्या कुणी न्यायचं, आजाऱ्याजवळ किती वेळ बसायचं. आपली सोसायटी त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी, १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबांच्या घरी कसं जायचं हे त्याला आणि त्याच्या मित्रांना सिस्टर रोझाली रांदूंनी शिकवलं. घरी जायचं, हे लक्षात घे. गरिबाला हॉलमध्ये बोलावणं त्यांच्या पद्धतीत कुठेच नव्हतं.

तुझी एकवीस घरं स्टेजवर आली तिथेच खरी चूक झाली. फोटो नंतरचा.

आमच्याकडे काय करतो ते सांगते. ही युक्ती आमच्या एका जुन्या फादरांची. संताच्या सणाला त्याच्या नावाने वाटप करायचं नाही. त्या संताने स्वतःच्या हातांनी काय केलं ते शोधायचं आणि त्यातलं एक काम आपण उचलायचं. आणि ते सणापासून *सुरू* करायचं, सणाला संपवायचं नाही.

आपला गोन्सालो गार्सिया घे. वसईचा पोरगा, आई इथली, बाप पोर्तुगीज. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रूसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला, एवढं आपण सगळेच सांगतो. पण तो जपानमध्ये करत काय होता? लहानपणी जेझुइट फादरांबरोबर गेला, तिथली भाषा शिकला, मधे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. जपानला परत गेला तो दुभाषा म्हणून. तिथल्या फ्रान्सिस्कनांचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता, त्यांना जपानी येत नव्हती. दरबारात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर त्यांचं बोलणं हाच सांगायचा. क्योतोला त्या ब्रदरांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढलं होतं. तिथेही आजाऱ्याचं दुखणं नि फादरांचा दिलासा याच्याच तोंडून इकडचा तिकडे जात असणार. आता मला सांग, मुंबईच्या इस्पितळांत केसपेपर हातात घेऊन उभी असलेली किती माणसं आहेत, ज्यांना त्यावरचं अक्षर कळत नाही आणि डॉक्टरांचं बोलणंही कळत नाही? गोन्सालोच्या सणापासून आमच्याकडची चार पोरं आठवड्यातून एकदा तिथे उभी राहायला लागली. पैसा एक लागला नाही.

संत मार्टिनचं असंच. ११ नोव्हेंबर. अमियां शहराच्या वेशीत थंडीनं काकडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं अर्धा झगा कापून दिला, तेव्हा तो शिपाई होता, बाप्तिस्माही झाला नव्हता. अर्धा, हं. म्हणजे उरलेल्या अर्ध्यात तोही गारठलाच असेल. आम्ही त्या दिवशी जुने कपडे घेणं बंद केलं. उद्या तुम्ही स्वतः घालून बाहेर जाल असाच कपडा आणा, धुऊन, इस्त्री करून. पहिल्या वर्षी गठ्ठा चौथाईवर आला. फादर म्हणाले, चौथाई चालेल.

आणि फ्रसाती. तुमच्या त्या मुलाच्या हातात काठी होती, छान. पण पोरांना हेही सांगा की तो आपल्यासारखाच एसव्हीपीत होता. तुरीनच्या श्रीमंत घरातला. १९२५ साली चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. अंत्ययात्रेला शहरातले गरीब लोटले, तेव्हा घरच्यांना कळलं की हा रोज कुठे जात होता. त्याचे घराघरांत पिशवी देतानाचे फोटो असते तर, मला नाही वाटत ती माणसं आली असती.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. चाळीत एक म्हातारे होते, बायको गेलेली, मूल नाही. मी आणि माझी जोडीदारीण पंधरवड्याला औषध द्यायला जायचो. दर वेळी ते विचारायचे, "बाय, दफनभूमीकडे बस कुठून सुटते गं?" मी दर वेळी सांगायची, स्टेशनच्या बाहेरून, अमुक नंबरची. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला वाटायचं, विसरतात. पाचव्या महिन्यात माझी जोडीदारीण जिन्यात थांबली आणि म्हणाली, "त्यांना बस नकोय, त्यांना बरोबर कुणीतरी हवंय." मी तिथेच बसले पायरीवर.

मुंबईत आपल्या दफनभूमींत जागा किती अपुरी आहे तुला ठाऊक आहे. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, हाडं भिंतीतल्या कप्प्यात, निशमध्ये ठेवतात. त्यांच्या बायकोच्या कबरीची मुदत संपत आली होती आणि निशचे पैसे त्यांच्याकडे नव्हते. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. बसच विचारत राहिले. त्या वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आम्ही त्यांना रिक्षाने नेलं. झेंडूची फुलं, चार मेणबत्त्या. वाऱ्याने मेणबत्ती विझत होती तर ते ओंजळ धरून बसले, तासभर. निशचे पैसे आम्ही बैठकीतल्या गुप्त पिशवीतून भरले. कुणी किती टाकले ते कुणालाच माहीत नाही, तीच तर त्या पिशवीची खूबी.

आता आमच्याकडे १ तारखेला संत आणि २ तारखेला मृत असे वेगळे धरत नाही. ज्यांना कुणी नेणारं नाही, त्यांना दफनभूमीत घेऊन जायचं, हीच आमची सर्व संतांच्या सणाची सेवा.

नगरचा_मुंबईकर:

मी कॅथलिक नाही. आमची मराठी मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची. आम्ही संतांकडे मध्यस्थी मागत नाही, पण आठवण जरूर करतो, म्हणून लिहितोय. आजोबा अहमदनगरहून गिरणीत कामाला आले, तेव्हापासून आम्ही मुंबईचे.

आमच्याकडे ५ एप्रिलच्या जवळच्या रविवारी पंडिता रमाबाईंची आठवण होते. १९२२ मध्ये त्या दिवशी त्या गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या आणि केडगावला आणल्या. पण नुसतं खाऊ घालून थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती दिलं. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी स्वतः केलं आणि तिथल्या बायकांनी ते छापलं. आमचे पाळक दर वर्षी हे सांगतात, आणि त्या दिवशीच्या दानातून दोन-तीन मुलींची नर्सिंगची किंवा कुठल्या कोर्सची फी जाते. चेक थेट संस्थेच्या नावे. मुलीचं नाव पाळक आणि खजिनदार या दोघांनाच माहीत असतं.

मावशींचं मला जवळपास सगळं पटलं. एकच शंका आहे. सणाला काम जोडलं की ज्यांच्या गरजेचा संत नाही ते मागे राहतात. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', सहावा अध्याय बघा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. वाईट कुणी नव्हतं, पण लक्ष कुणाचंच नव्हतं. तेव्हा प्रेषितांनी सात माणसं नेमली, आणि त्यांतला स्तेफन पुढे पहिला हुतात्मा झाला. म्हणजे हुतात्म्यांच्या यादीतला पहिलाच माणूस भाकरीच्या हिशेबाला बसवलेला होता. पाखाडीतले दादा, तुम्ही सेक्रेटरी आहात. वही नीट ठेवणं हीसुद्धा भक्तीच आहे असं मी मानतो. कोण सुटलं ते त्या वहीतच दिसतं.

खाडीपलीकडची:

अगदी बरोबर बोललात. वही मी विसरले होते सांगायला. आमची वही पंचवीस वर्षं एकाच बाईने ठेवली. ती गेल्यावर कळलं की तीन घरं फक्त तिच्या डोक्यात होती.

परळ_वॉर्ड:

मी परळला एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होते, निवृत्तीनंतर तिथेच मदत करते. स्वतः मालवणची, हिंदू. हा धागा मैत्रिणीने पाठवला.

सणाच्या दिवशी वॉर्डात काय होतं ते आतून सांगते. सकाळी एक गट केळी घेऊन येतो, अकराला दुसरा बिस्किटं घेऊन, दुपारी तिसरा पुन्हा केळी. संध्याकाळी केळी काळी पडतात आणि वॉर्डातल्या कामवाल्या मावशी ती टोपलीत भरून नेतात. खाडीपलीकडच्या मावशींनी ती शातियोंची गोष्ट लिहिलीय ना, ती मी चाळीस वर्षं पाहिली. आणि मधल्या मंगळवारी रात्री पेशंटच्या बायकोला विचारावं, जेवलात का, तर मान हलवते. परळमध्ये कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेरगावहून आलेली कुटुंबं महिनोन् महिने फुटपाथवर राहतात, हे मुंबईत कुणाला सांगायला नको.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर रक्ताचं बघा. सणाला शिबिर घेतात, शंभर बाटल्या जमतात, चांगलंच आहे. पण ल्युकेमियाच्या मुलाला प्लेटलेट लागतात आणि प्लेटलेट पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत. शिबिरानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुलासाठी काहीच उरत नाही. त्याला वर्षभर फोन केला की येणारी माणसं हवी असतात. पॅरिशमध्ये वीस जणांची यादी केली, कुणाचा कुठला गट, कोण कधी देऊ शकेल, तर ती शिबिरापेक्षा मोठी. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने, बायकांना चार महिने अंतर ठेवावं लागतं, म्हणून तारखा लिहून ठेवाव्या लागतात. पुन्हा वहीच.

दुसरं. तुमच्या एकवीस घरांपैकी कुणी दवाखान्याच्या बिलाने बुडालंय का बघा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने ती योजना घालून दिलीय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळीच. पण हे मागायला रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते माहीत असावं लागतं. माणूस आजारी पडल्यावर दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या चकरा कोण मारणार? हे कागद आधीच तयार करून ठेवणारा एक जरी सेक्रेटरी प्रत्येक पॅरिशमध्ये असला, तर मी त्याला हात जोडेन.

आणि तो दुभाषा संत मला फार आवडला. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

पाखाडीतला:

मावशी, जाऊन आलो. गुरुवारी संध्याकाळी, आईला घेऊन.

दार मुलानेच उघडलं. मी दारातच सांगितलं, तुम्ही म्हणालात तसं, त्याच्याकडे बघून. तो काही बोलला नाही, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला, वही उघडून. बाई म्हणाल्या, "बसा." खुर्ची एकच होती, ती आईला दिली. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. आईने विचारलं, कुठल्या गावच्या, आणि तिथून दोघींचं सुरू झालं. आईच्या माहेराकडचं कुणीतरी त्यांच्या ओळखीचं निघालं. मी नुसता ऐकत होतो.

निघताना त्या मला म्हणाल्या, "तुमची पोरगी छान दिसत होती त्या ड्रेसमध्ये. तिच्याकडून घ्यायला मला काही वाटलं नाही. पण एकदा मला विचारायचंत." एवढंच. यादीत राहायचं नाही म्हणाल्या. मी नाव खोडलं नाही, पुढे "स्वतः सांगतील तेव्हा" असं लिहून ठेवलंय. रेशनची पिशवी आमच्याकडेच आहे. मिठाची पुडी मात्र आईने वेगळी काढली, ती म्हणते ते मीठ त्या बाईंचं आहे, एसव्हीपीचं नाही, ते परत द्यायलाच हवं. पुढच्या आठवड्यात ती एकटीच जाणार आहे.

रविवारच्या बैठकीत मी हा सगळा धागा वाचून दाखवला. आमचे प्रेसिडेंट बहात्तर वर्षांचे. ते म्हणाले, आमच्या लहानपणी हे असंच होतं. प्लेगच्या वेळी, १८९६ नंतर, गावठाणात ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले, त्यांतला एक आमच्या पाखाडीच्या तोंडाशी आहे. मे महिन्यात तिथे जपमाळ आणि लदीन (सगळ्यांनी मिळून ओळीओळीने म्हणायची प्रार्थना) होते आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. त्यांची आजी सांगायची की चणे द्यायचे ते रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो हमाल असो की डॉक्टर, हिंदू असो की मुसलमान, आणि घरातल्यांनीही तिथेच उभं राहून, हात पुढे करूनच घ्यायचे. मी लहानपणापासून ते चणे खात आलोय. सगळेच हात पुढे करत होते हे मला काल कळलं.

ठरलंय ते असं. स्टेजवरचं वाटप बंद, नाताळातलंसुद्धा. नाताळचं रेशन दोन आठवडे आधी घरपोच, साध्या पिशवीत, स्टिकर न लावता. कुणाचाही फोटो नाही, अहवालात फक्त आकडे. रक्ताच्या यादीला तेरा नावं मिळाली, त्यांत आमचे धाकटे फादर पहिले. कागदांचं काम मी घेतलंय. एकवीसपैकी नऊ घरांत उत्पन्नाचा दाखला नाही, हे वहीवरून नाही, प्रत्येक घरी फोन करून कळलं, म्हणजे वही नीट ठेवायला हवी हे नगरकर म्हणाले ते खरंच.

आणि ५ फेब्रुवारीपासून दुभाषांचं काम. तरुणांच्या गटातून पाच जण आलेत. एकाचं घर मूळचं बिहारचं, त्याला भोजपुरी येते. दोघी बहिणींना कन्नड आणि कोकणी. एकाला उडिया, वडील पूर्वी राउरकेल्याला होते म्हणून. पाचव्याला मराठी आणि हिंदीच येते, पण त्याचं अक्षर चांगलं आहे, तो फॉर्म भरेल.

परळ ताई, तुमच्याकडे सोशल वर्करना आधी भेटायला हवं ना? आणि सकाळी किती वाजता यायचं?

परळ_वॉर्ड:

हो, आधी वैद्यकीय समाजसेवकांच्या कार्यालयात पत्र द्या, मुलांची नावं आणि आधारकार्डाच्या प्रती लावून. पॅरिशच्या लेटरहेडवर चालेल. मी बरोबर येते.

नोंदणीची रांग पहाटेच लागते, तेव्हा साडेसहाला गेटवर. मुलांना सांगा, पेशंटच्या आधी बोलायचं नाही, त्याचं पूर्ण ऐकायचं आणि डॉक्टरांना त्याच्याच शब्दांत सांगायचं. पाण्याची बाटली आणि दोन पेनं आणा. एक पेन कुणीतरी मागून नेतंच.